बिनदोरीचा बगीचा

"पायाकडं पाहा सर, पडदा कुठं पळून नाही राह्यला." नर्सरीत कोणी शिरलं की तिचे मालक असं म्हणायचे आणि उजव्या हाताची दोन बोटं जमिनीकडे रोखायचे. भर दुपारी. हातात टॉर्च नसायचा, तरी माणूस त्या नसलेल्या उजेडामागे निमूट चालत जायचा आणि त्यांनी ठरवलेल्या कुंडीपाशीच थांबायचा. मीही असाच एका कढीपत्त्यापाशी थांबलो होतो.

आमच्या तालुक्याच्या गावात टॉकीज होतं, तेव्हा ते तिथे डोअरकीपर होते. उशिरा येणाऱ्यांना जागेवर बसवण्यात प्रत्येक सिनेमाचा पहिला अर्धा तास जायचा; त्यामुळे हिरोचा बाप नेमका कसा मेला, हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. गाणी मात्र त्यांनी सगळी पाहिली, तीही नट-नटी सोडून. "ते दोघं तं नाचतच राह्यतेत. मी मागची झाडं पाहो." पुढे टॉकीज पडलं आणि तिथे मंगल कार्यालय उभं राहिलं. ह्यांनी मागच्या गल्लीत नर्सरी टाकली. रिळांचे चपटे डबे त्यांनी जपून ठेवले होते. त्यांत झेंडूची रोपं छान यायची.

नर्सरीत एक छोटा टीव्ही होता. खत मागायला गेलेल्या माणसाला मालिका पाहावी लागे, आणि मालिकेपेक्षा ह्यांची टीका ऐकावी लागे. एकदा नायिका कापसाच्या शेतात रडत होती. मागे काळे ढग, समोर पांढरंशुभ्र शेत. त्यांचा चहा हातातच राहिला. "सर, आषाढात कापूस फुटते काय? अन् बोंडं पाहा, डिंकानं चिकटवली." मी म्हणालो, टीव्हीच तो, सोडून द्या. त्यांनी सोडलं नाही. आमच्याकडची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, एकदा तरी खरी दाखवली पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

तशी संधीही आली. तालुक्याला शेती आणि फुलांचं प्रदर्शन भरायचं होतं. समितीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की ज्याचा बगीचा पहिला येईल, त्याला बसस्टँडमागच्या रिकाम्या प्लॉटवर गावाचा बगीचा करायला मिळेल. त्या प्लॉटवर तोवर बाभळी आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बॅनर, एवढंच उगवत होतं. हे रोज सकाळी तिथे पावलं मोजत फिरायचे. कुठे कडुनिंब, कुठे बाक, म्हाताऱ्यांना ऊन कुठून लागेल, सगळं त्यांचं पाठ होतं. समोर एकच प्रतिस्पर्धी होता: मोठ्या शहरातला एक ठेकेदार. तो फायबरचा डायनासोर आणणार होता, त्याच्या तोंडातून पाणी पडणार होतं.

प्रदर्शनातला ह्यांचा बगीचा बाहेरून काहीच दिसत नव्हता. काळ्या ताडपत्रीच्या अंधाऱ्या बोळातून आत शिरायचं. वळलं की एकदम सिनेमातल्या गाण्याचा बगीचा: झुला, बोगनवेल, फुलांचे पट्टे. तिथून पुढे मालिकेतलं अंगण. त्यातलं तुळशीवृंदावन इतकं भव्य की देवानेही आधी चिठ्ठी पाठवून भेट मागावी. आणि अंगणाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की छातीपर्यंत पऱ्हाटी. साठेक झाडं त्यांनी पोत्यांमध्ये वाढवली होती, आणि पेरणी अशी मोजून केली होती की बोंडं नेमकी प्रदर्शनाच्या आठवड्यात फुटावी. फुटलीही.

मी समितीवर होतो. निमंत्रणपत्रिकेतलं शुद्धलेखन पाहायला असा एक प्राध्यापक लागतो. मी सुचवलं, मुख्य पाहुणे येईपर्यंत कापसापुढे दोरी बांधा. त्यांना ते पटलं नाही.

"दोरी बांधली का मानूस बाहेर राह्यते सर. टॉकीजमध्ये म्या लई पाह्यलं. रडनारा मानूस खुर्चीत नसते, तो पडद्याच्या आत गेला असते."

पाहुणे अकराला येणार होते. पाहुणे येतात तसे ते आले, अडीचला. मधल्या वेळात घाटंजीकडच्या खेड्यांतून बाया आल्या. झुल्यावर बसून खिदळल्या. अंगणात एकीने तुळशीपुढे पदर सावरला. कापसात पाऊल पडलं आणि त्या बोंडं निरखू लागल्या. एका म्हातारीने फुटलेलं बोंड तळहातावर तोललं आणि ह्यांना विचारलं, "सीतादही झाली का, भाऊ?"

आमच्याकडे पहिल्या झाडाची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वेचणीला हात लावत नाहीत. ही ती सीतादही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे नुसतं दाखवायचं आहे, साहेब यायचे आहेत, एवढं एक वाक्य पुरे होतं. प्लॉट त्या वाक्यावर उभा होता.

"नाही झाली, मावशी."

"मंग अशी कायले उभी ठेवली?" म्हातारीने डबा उघडला. पाच खडे मांडले, कपाळाचं कुंकू बोटाने त्यांना लावलं, घास ठेवला. आणि मग बायांचे हात सुटले. दोन्ही हातांनी वेचत, झाडाकडे न पाहता, सुनांची उणीदुणी काढत त्या ओळीने पुढे सरकू लागल्या. मी थांबवायला निघालो, तर ह्यांनी माझी बाही धरली. "राहू द्या सर. हात पाहा त्याईचे."

अर्ध्या तासात साठही झाडं कोरी झाली. नेला मात्र एकीनेही नाही. ज्याचं शेत त्याचा कापूस. ठेवायला स्वच्छ जागा हवी होती. शेजारच्या मंडपात पांढरी खोळ घातलेला पाहुण्यांचा सोफा होता. त्यावर सगळ्यांनी ओट्या रिकाम्या केल्या, पदर झटकले आणि डायनासोर पाहायला गेल्या.

पाहुण्यांनी काळ्या काड्यांकडे पाहून विचारलं, इथे काय आहे? अध्यक्षांनी सांगितलं, काही नाही साहेब, पुढे चला. सोफ्यावरच्या ढिगाला मात्र कोणी हात लावला नाही. समितीत झाडून सारी कापूसवाल्यांचीच पोरं होती, कापसाला ऊठ कोण म्हणणार? पाहुण्यांनी कास्तकारांच्या कष्टांवर पाऊण तास उभ्याने भाषण केलं आणि पहिला नंबर डायनासोरला दिला.

तो आता बसस्टँडमागे असतो. पंप बिघडल्यापासून नुसता आ वासून उभा आहे, भोवती तिरंगी दोरी. हे गेल्या उन्हाळ्यात गेले. त्या बगीच्यात त्यांनी एकदाही पाऊल टाकलं नाही, आणि त्याबद्दल वाईटही कधी बोलले नाहीत. ती दोन्ही कामं मी एकटा करतो.

त्या दिवशी निकाल लागल्यावर मी त्यांना शोधत मंडपात गेलो. दोन-चार बरी सांत्वनाची वाक्यं जुळवून ठेवली होती. ते त्याच सोफ्याच्या कडेला बसून कापसातला वाळक्या पानांचा चुरा निवडत होते. डोळे लाल दिसले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "सर, खरं सांगा. आत गेलत्या ना बाया?"

जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. "गेल्या होत्या," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हातांनी ढीग हळूच मागे सारला आणि मला बसायला जागा केली.