महाडहून आणलेलं तेल

गरोदर सुनेने काल ऑलिव्ह ऑईलची बाटली उघडली आणि त्या हिरवट वासासरशी मला पोलादपूरचं माहेर आठवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वहिनी आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. डॉक्टर म्हणाले, "बाळाला ऑलिव्ह ऑईल लावा, कापसात गुंडाळा, ऊब जाऊ देऊ नका." ते तेल तेव्हा महाडच्या औषध दुकानातच मिळे. मी सकाळच्या एसटीने गेले आणि पत्र्याचा छोटा डबा घेऊन दुपारी परतले, तर ओटीवर माणसं जमलेली. आत वहिनी बाळाला छातीशी धरून होती. "वन्सं, आणलंत? लावा लवकर, गार पडलाय तो." आई म्हणाली, "अगो, तो नाय आता." वहिनीने ऐकलंच नाही. बाळ तिने माझ्या मांडीवर ठेवलं. मी खिळ्याने डबा फोडला, तेल तळहातांवर चोळून कोमट केलं आणि त्या एवढ्याशा पाठीला, पायांना लावत राहिले. अंग चकाकू लागलं, ऊब मात्र येईना. वहिनी कापूस पिंजून तयार करत होती. काल सून विचारत होती, "आई, बाळाच्या मालिशला हेच ठेवू ना?" मी म्हटलं, "खोबरेल आण."