वत्सलाकाकींचा बुधवारचा फोन

बुधवारी चार वाजता ऑफिसच्या मोबाइलवर वत्सलाकाकींचं नाव आलं. आदल्याच बुधवारी आम्ही त्यांना श्रद्धांजली वाहिली होती.

मी फोन उचलला. पलीकडे कुकरची शिटी झाली. कोणीतरी श्वास घेत होतं. मी दोनदा हॅलो म्हटलं, तेवढ्यात फोन कट झाला. परत लावला तर स्विच ऑफ.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दुपारी मरोळच्या एका सपोर्ट ग्रुपमध्ये पार्टटाइम काम करते. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेल्या बायका दर बुधवारी तिथे जमतात. हात सुजला तर काय करायचं, विग कुठे चांगला मिळतो, नवऱ्याशी कसं बोलायचं, असं सगळं एकमेकींना विचारतात. माझं काम फॉलो-अपचं. म्हणजे जी बाई यायची थांबली, तिला फोन करायचा आणि रजिस्टरात शेरा लिहायचा. बाई वारली असेल तर शेरा एकच, क्लोज्ड.

आमच्या कोऑर्डिनेटर नलिनीमॅडम स्वतः ब्रेस्ट कॅन्सरमधून उठलेल्या. त्या म्हणाल्या, सून करत असेल फोन. माणूस गेल्यावर घरच्यांना बोलावंसं वाटतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

पुढच्या बुधवारी बरोबर चारला तेच झालं. खोलीत बायका वर्तुळात बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या टेबलावर काकींचा पिकनिकचा फोटो होता, हार सुकलेला. फोन वाजला तेव्हा सगळ्यांनी आधी फोटोकडे पाहिलं. एकीने खुर्ची थोडी सरकवली. या वेळी श्वासाबरोबर बांगड्यांचाही आवाज आला.

तिसऱ्या बुधवारी मी जिन्यात जाऊन फोन घेतला. म्हटलं, "काकी?"

हळू आवाज आला.

"तुमका कोणी सांगितलां गो?"

तो आवाज काकींचाच होता. मी विचारलं, काय सांगितलं?

"मी मरतलंय म्हणून. हॉस्पिटलवाल्यांनी माका नाय सांगितलां, तुमका आधी सांगितलां?"

मग हळूहळू सगळं कळलं. काकी दोन बुधवार आल्या नव्हत्या म्हणून मी घाटकोपरला त्यांच्या घरी फोन केला होता. सुनेने उचलला. मागे बाळ रडत होतं. ती म्हणाली, "आई गेल्या," आणि फोन ठेवला. आमच्याकडे असं कोणी म्हटलं की पुढे विचारत नाहीत. कसं विचारायचं? मी क्लोज्ड लिहिलं. काकी मालवणला गेल्या होत्या, बहिणीकडे. मोबाइल घरी विसरून.

परत आल्यावर त्यांची बायोप्सी झाली. पुन्हा रक्त जात होतं म्हणून गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा तपासायला घेतला होता. दुसऱ्याच दिवशी त्या ग्रुपला आल्या, उशिरा. दारात चपला काढताना आतून स्वतःचं नाव ऐकलं. डोकावल्या तर सगळ्या डोळे मिटून उभ्या, आणि समोर त्यांच्याच फोटोला हार. त्या चपला हातात घेऊन खाली उतरल्या. ग्रुपकडे आपली फाइल असते, म्हणजे यांना आधी कळलं असणार, असं त्यांना वाटलं.

"मग रिपोर्ट?" मी विचारलं.

"मेलेल्या बायचो रिपोर्ट आणूक कोण जाता?"

मग फोन कशाला करायच्या, तेही त्यांनी सांगितलं. आपला फोन अजून लागतो का, ते बघायला.

मी तशीच मॅडमकडे गेले. चूक माझी आहे, हे सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी फोटोचा हार काढला, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चल."

रिक्षाने घाटकोपरला गेलो. मी माफी मागितली. काकींनी फक्त माझ्या दंडाला हात लावून बघितलं. तिथून हॉस्पिटल. वाटेत मॅडम म्हणाल्या, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. काकी हसल्या नाहीत.

कॅन्सर परत आला होता. पण पसरला नव्हता, ट्रीटमेंट होण्यासारखा होता. डॉक्टर चिडले. बायोप्सीला तीन आठवडे झाले, रिपोर्ट इथे पडलाय, होतात कुठे?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकींनी माझा हात दाबला.

"गावाक गेललंय," त्या म्हणाल्या.

आता काकींचं रेडिएशन चालू आहे. बुधवारी येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा मॅडम जाऊन बसल्या. ऑफिसात नवा नियम झालाय. दोघींनी दोन वेगळ्या दिवशी फोन करून, घरच्यांशी नीट बोलल्याशिवाय कोणतीही फाइल क्लोज्ड होत नाही. नियम चांगला आहे. पण माझ्यापुरता एक प्रश्न पुरला असता: कुठे? तो विचारायची मला लाज वाटली, आणि त्यात काकींचे तीन आठवडे गेले.