सर्व्हरवर वाचलेल्या गप्पा

हे मी आजवर कोणाकडे बोललो नाही. बायकोकडेही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जातंय — की हीसुद्धा पळवाटच?

मोबाइल अजून खिशाखिशांत आले नव्हते तेव्हा रत्नागिरीत माझं सायबर कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, एक फोनलाइन, आणि ती सगळ्यांना वाटून देणारा माझ्या टेबलाखालचा सर्व्हर. लाइन रांगायला लागली की गिऱ्हाइकं माझ्या नावानं शिमगा करायची. एकटाच कोण गाणी उतरवतोय ते कळावं, म्हणून मी टीसीपीडम्प वापरायला शिकलो. छोटासा प्रोग्राम. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की तारेतून जाणारी माहिती तुकड्यातुकड्यांनी समोर सरकत जाते. गाणीवाला सापडला. तिथेच थांबायला हवं होतं, नाही का? पण तेव्हा चॅटिंग उघडंच जायचं. इंग्रजी अक्षरांतलं ते मराठी मला सरळ वाचता यायचं — आणि मी वाचायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

कॉलेजातल्या दोन जिवलग मैत्रिणी यायच्या, वैशाली आणि ज्योती. एकाच कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या ओढून बसायच्या. वैशाली पुण्याला शिकणाऱ्या एका मुलाशी बोलायची. ही गोष्ट तिनं फक्त ज्योतीला सांगितली होती. तिसरा मी — मला न सांगताच कळलं होतं.

मग गुहागरच्या मामीनं माझ्या मामेभावासाठी स्थळ काढलं, ते नेमकं वैशालीचं. बघायला जायचा दिवसही ठरला. मी मामीला सगळं सांगून टाकलं. आपल्या माणसांची फसवणूक होऊ नये म्हणून? तशी स्वतःची समजूत घातली खरी. पण मामी डोळे मोठे करून ऐकत होती, तेव्हा मला फार भारी वाटत होतं. कुठून कळलं ते मात्र लपवलं. कॉलेजात बोलतात म्हणालो. मामीनं नकार कळवला, तोही कारणासकट. वैशालीच्या वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं.

त्यानंतर एका दुपारी ज्योती तिला कशीबशी कॅफेत घेऊन आली.

"दादा, तुम्हाला यातलं कळतं. ही इथे लिहिते ते दुसऱ्या कोणाला वाचता येतं काय हो? हिला वाटतंय, मीच सांगितलं."

वैशाली माझ्याकडे बघत होती. तिलाही 'हो'च ऐकायचं होतं — आपली मैत्रीण तशी नाही, एवढंच. मला ते स्पष्ट दिसत होतं. तरी मी म्हणालो, "छे! शक्यच नाही." वर दोन-चार अवघड शब्द वापरून का शक्य नाही तेही समजावलं. सर्व्हर पायाशी चालूच होता. वैशाली उठून निघून गेली. ज्योती हाका मारत मागे धावली, पण ती थांबली नाही.

वर्षभरात वैशालीचं लग्न झालं. ज्योतीला बोलावणं नव्हतं.

पुढे खूप दिवसांनी ज्योती बाजारात भेटली. विषय तिनंच काढला. माझ्यावर तिचा तेव्हाही पूर्ण विश्वास होता.

"बोलताबोलता माझ्याच तोंडून कुठेतरी गेलं असेल, दादा," ती म्हणाली. "आठवत नाही, पण गेलंच असणार."

मी म्हणालो, "असेल."