तिघींच्या मधोमध

लाखनीच्या बसस्टँडसमोर माझा पानठेला होता. मागची खोली एका म्हाताऱ्यानं भाड्यानं घेतली. त्याच्या तीन लेकी भंडारा, साकोली आणि अड्याळला दिलेल्या. रोज सकाळी धोतर झटकून तो एकेकीकडे निघायचा. संध्याकाळी परतला, की आधी माझ्या माठावर तुटून पडायचा.

"लेकीकडंच मुक्काम काहून नाई करत, बाबाजी?"

"लेकीच्या घरचं पानीई चालत नाई, मुक्काम कसा करू? लाखनी बीचोबीच हाय. कोनी रुसत नाई."

एका संध्याकाळी तो साकोलीहून आला, पण पाणी मागेना. मीच गिलास पुढं केला.

तो मिशीत हसला. "नातनीनं पाजलं. एवढीशी पोरगी, तिले नाई कसं म्हनू?"

मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "बाकीच्या दोघींईले सांगू नोको, बाप्पा!"