नानांनी बांधलेलं गोणपाट

सोनगीरहून नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "नक्की ना?" माझा स्वभावच तसा, तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारा. नाना माझ्याही वरताण. मोठ्या कळपाच्या या मालकाचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा भरवसा नव्हता. दोन संशयी माणसांची दोस्ती इतकी वर्षं टिकली कशी, याचंच लोकांना नवल वाटायचं...

दर वैशाखात त्यांची मेंढरं धरणगावजवळच्या माझ्या रानात बसायची. रानाला खत मिळायचं आणि मला नाना मिळायचे. संध्याकाळ झाली की ते एकेका मेंढ्याच्या पोटाखाली हात घालून तिथं बांधलेलं गोणपाट चाचपायचे. ते बांधलेलं असलं की मेंढा चढला तरी मेंढी गाभण राहत नाही. ते सोडायचं ज्येष्ठात. मेंढी पाच महिन्यांनी विते, म्हणजे कोकरं येतात कार्तिकात, पाऊस सरलेला आणि गवत मुबलक असताना. नानांचा सगळा संसार या एका हिशेबावर उभा होता. एका वैशाखात मी म्हटलं, माझ्या मेंढ्यांसाठी एक मेंढा जरा लवकर सोडा की. नाना उखडले. "आज सोडं तं कोकरं आश्विनना पावसामा मरतीन. हात लाऊ नको!"

आणि त्याच वर्षी त्यांच्या मेंढ्या आश्विनातच व्यायला लागल्या. परतीचा पाऊस थांबायचं नाव घेईना. नानांची बायको, आमची अक्का, गारठलेली कोकरं पोटाशी धरून चुलीपाशी बसून राहिली, तरी बरीचशी गेली. नानांनी पाच महिने मागे मोजले आणि ते थेट माझ्या रानात येऊन पोचले. त्यातून माझ्या मेंढ्याही तेव्हाच व्याल्या होत्या, आणि कोकरांची तोंडं नानांच्या मेंढ्यांसारखीच काळी! नाना बांधावर उभे राहिले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मना मेंढा कोनी सोडात?"

"मी नाही, नाना. आईची शपथ."

"मंग तुन्या मेंढ्या कश्या गाभन ऱ्हायन्यात?"

मनात आलं, यांचीच गाठ ढिली पडली असेल आणि खापर माझ्या माथी फोडताहेत. पुढच्या वैशाखात कळप दुसऱ्याच्या रानात बसला. बसमधून तो दिसला की मी तोंड फिरवायचो. जीव मात्र तुटायचा, हेही खरं.

दहावा आटोपल्यावर सोनगीरला गेलो. सगळे आपल्याकडेच रोखून बघताहेत, असं मला उगाच वाटत होतं. अक्कानं मला वाड्यात, मेंढरांजवळ नेलं आणि खाली बघत म्हणाली, "भाऊ, ते मीच सोडेल व्हतं."

त्या वर्षी लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेही कार्तिकात. ऐन त्याच महिन्यात सगळा कळप विणार. "पोर आनि मेंढ्या, दोन्हीसले मी एकटी कशी पुरसू?" म्हणून तिनं महिनाभर आधी, कळप माझ्या रानात असतानाच, चार रात्री नाना झोपल्यावर गाठी सोडल्या आणि पहाटे पुन्हा बांधल्या. मेंढ्या आधी उरकतील, मग लेकीकडे बघता येईल. पाऊस लांबेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "त्यासले सांगानी हिंमत नही व्हयनी, भाऊ."

माझा स्वभाव जातो कुठं? आधी वाटलं, ही कुणाला तरी पाठीशी घालते आहे. मग तिनं पदराच्या टोकाला नानांची गाठ जशीच्या तशी मारून दाखवली. राग आला, फार आला. नाना मला चोर समजूनच गेले, आणि आता ते कुणालाच निस्तरता येणार नव्हतं.

ज्येष्ठ लागला होता. मेंढे अजून बांधलेलेच होते. त्या आश्विनानंतर नाना गाठीवर गाठ मारायचे आणि कुणालाच हात लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावरही घरात कुणाचं धाडस झालं नव्हतं.

"तू सोडी दे, भाऊ," अक्का म्हणाली.

तेवढ्यात आलेल्या तिच्या जावयानं विळा पुढे केला. तो मी घेतला नाही. मेंढ्याजवळ बसून मी नखांनीच नानांच्या गाठी एकेक करून उकलल्या. शेवटची सुटली, गोणपाट खाली पडलं, आणि मी दचकून मागे वळून पाहिलं... नाना बघत तर नाहीत ना!