माझी किडनी, त्याची कबुतरं

माझ्या धाकट्या भावाला दोनच गोष्टी मनापासून जमल्या: चष्म्याच्या काचा घासणं आणि कबुतरं पाळणं. काचा पोटासाठी होत्या, कबुतरं जिवासाठी. दुकानातून आला की चहाही न घेता तो गच्चीवर पळायचा. गल्ली त्याला 'नवाब' म्हणायची आणि हा गाढव ऐटीत वळून बघायचा.

त्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी माझी एक दिली. उपकार कसले त्यात? लहानपणी त्याला कडेवर घेऊन मीच फिरले होते. ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून बजावलं, "शरीराने नवी किडनी झिडकारू नये म्हणून याला कायम गोळ्या घ्याव्या लागतील. त्यांनी शरीराची राखणच ढिली पडते. तुम्हा-आम्हाला सहसा काही न करणारी बुरशी याच्या फुफ्फुसात घर करू शकते. ती कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून येते. पक्षी नकोत." त्याने हूं की चूं न करता खुराडं रिकामं केलं. मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

वर्षभराने त्याला बारीक ताप येऊ लागला. कोरडा खोकला, जिना चढताना धाप. न्यूमोनिया निघाला. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना तो दाद देईना, तेव्हा फुफ्फुसात नळी घालून आतलं पाणी तपासलं. त्यात बुरशी सापडली.

"कबुतरं अजून आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो! केव्हाच देऊन टाकली," मी ठणकावून सांगितलं.

आई उगाच पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसली. भावजयीने मान खाली घातली. "मित्राच्या गच्चीवर ठेवलीत," ती पुटपुटली. "रोज खुराडं झाडायला जातात. तुम्ही चिडाल म्हणून बोललो नाही, ताई."

दाण्यांची पिशवी आई भरून द्यायची म्हणे! घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला मात्र कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती. माझ्याच माणसांनी माझा केसाने गळा कापला होता.

बुरशीवरचं सलाइनमधलं औषध जालीम, किडनीलाच बाधणारं. शिवाय शरीराला लढता यावं म्हणून किडनी राखणाऱ्या गोळ्याही कमी केल्या. "जीव वाचेल, किडनीचं सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी वॉर्डात शिरले की आधी त्याची लघवीची पिशवी बघायची, मग त्याचा चेहरा.

ताप उतरला, ऑक्सिजन निघाला. पिशवीत मात्र दिवसेंदिवस कमीच दिसू लागलं, आणि एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी किडनी गेल्याचं सांगितलं. तो उशीला टेकून बसला होता. माझा उतरलेला चेहरा बघून नवाबांना विनोद सुचला.

"तोंड काय पाडतेस, ताई? अजून एक आहे की तुझ्याकडे!"

आई हसली. भावजयही हसली. मग हसू ओसरलं, तरी तिघंही माझ्याकडेच बघत राहिली.