मुकी डिस्क

आमच्या गावच्या घरी असलेला डीव्हीडी प्लेअर माझ्यापेक्षा हट्टी आहे आणि मी काही कमी हट्टी नाही. तरी त्या हिवाळ्यात त्याने मला पार रडकुंडीला आणलं.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचे फोटो होते. हलते-बोलते बाबा मात्र एकाच ठिकाणी होते. आमच्या आरमोरीकडच्या गावात धान निघालं की मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते आणि मंडईला नाटक होतं. बाबा त्यात कितीतरी वर्षं काम करायचे. एका वर्षीचं नाटक लग्नाची शूटिंग करणाऱ्या एकाने कॅसेटवर घेऊन ठेवलं होतं. त्याची त्याने कॉम्प्युटरवर फाईल केली आणि मला पेनड्राइव्हमध्ये दिली. मी मोबाइलवर लावून दाखवलं, तर आईने तो लांब धरून पाहिला आणि परत दिला. बाबा बोटाएवढे दिसतात म्हणाली. तिला ते टीव्हीवर पाहायचे होते, समोरच्या खोलीत, नीट बसून. दुसरं काहीच तिने वर्षभरात मागितलं नव्हतं.

टीव्ही जुना डबा, प्लेअर त्याच्याच वयाचा. पेनड्राइव्ह लावायला त्याला जागाच नाही. म्हणून मी चंद्रपूरला माझ्या खोलीवर फाईल डिस्कवर चढवली आणि सुट्टीला गावी घेऊन आले. प्लेअरने ती जराशी घुरघुरवली आणि बाहेर ढकलली. पुढच्या खेपेला फाईलचा प्रकार बदलून नवी डिस्क आणली. या वेळी चित्र आलं. पडदा, ट्यूबलाइट, धोतर नेसलेले बाबा. पण आवाज नाही. मी वायरी काढून पुसल्या, परत लावल्या. दुसऱ्या डिस्कमधली गाणी खणखणीत वाजत होती. म्हणजे चित्र प्लेअरला कळत होतं, आवाज ज्या प्रकारात भरला होता तो त्याला कळत नव्हता. माझं डोकं सणकलं. डिस्क काढायला हात पुढे केला, तर मागून आई बोलली.

"आता का म्हणून आलात? मला विचारायला, की मी मेले का ते पाहायला?"

मी दचकून वळले. आई माझ्याकडे पाहतच नव्हती. पडद्यावर बाबांनी मान खाली घातली होती आणि त्यांच्यासमोर नायिका तोंड हलवत होती. मग बाबांचे ओठ हलले. ते थांबले तशी आई पुन्हा बोलली, न अडखळता. जन्मभर 'मले' म्हणणारी माझी आई नाटकातलं 'मला' म्हणत होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गावात पुरुषांची कामं गावातलेच लोक करायचे, नायिका मात्र वडशाच्या नाटक कंपनीतून यायची आणि तीही नाटकाच्याच दिवशी. तालमीला नायिका नसायचीच. मग बाबा घरी चुलीपुढे उभे राहून आपली वाक्यं म्हणायचे आणि आई भाकरी थापता थापता नायिकेची. आधी पुस्तक मांडीवर असायचं, पुढे तेही लागेना. नवीन शेजारीण आली की तिला वाटायचं, यांच्या घरी रोजचंच भांडण आहे. मंडईच्या दिवशी आई आम्हाला घेऊन बायकांत खाली बसायची आणि तिची सगळी वाक्यं वर दुसरी कोणी बोलायची. यात काही वेगळं आहे असं आम्हा पोरांना कधी वाटलंच नाही.

पण मीही हट्टी, डिस्क तशीच कशी सोडणार? चंद्रपूरला मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका भाऊंकडे गेले. त्यांनी आवाज जुन्या प्लेअरला कळेल असा करून दिला. पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ऐटीत ती डिस्क लावली. बाबांचा आवाज आला. जरा चिरका, मागे लोकांचा गलका, पण त्यांचाच. मला रडू आवरेना. आई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. नायिका बोलू लागली तसे आईचे ओठ एकदा उघडले आणि मिटले. वडशाची बाई ठसक्यात बोलत होती, टाळ्याही पडल्या. प्रवेश संपेपर्यंत आई गप्प बसली.

"बाईनं चांगलं काम केलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "हे पाहुण्यायसाठी ठेव. मले ते मुकीच लावून दे. तिच्यात तुहे बाबा माह्याशी बोलतात."

मी आधीची डिस्क शोधून, फडक्याने पुसून आत सरकवली. प्लेअरने या वेळी हट्ट केला नाही. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थोडी पुढे सरकून बसली. पडद्यावर बाबांचे ओठ हलले, हलले आणि थांबले.

आता आईची पाळी होती.